गप्प बसलेले २०५

मार्च २०२५ मध्ये चेन्नईत ९६ वर्षांचे एक गृहस्थ वारले. मला ती बातमी दोन-तीन दिवस उशिरा, मोबाईलवर दुसरेच काही शोधताना दिसली. व्ही. रामस्वामी, सर्वोच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती. त्याच महिन्यात दिल्लीत न्यायमूर्ती यशवंत वर्मा यांच्या सरकारी बंगल्याला आग लागली. तिथे जळालेल्या नोटा सापडल्याचे सांगितले गेले आणि सगळा देश त्या नोटांविषयी बोलू लागला. वर्मा यांनी तो पैसा आपला नाही असे म्हटले. ते प्रकरण पुढे जाईल तिथे जाईल.

आमच्या शिक्षक खोलीत त्या दिवशी चहाबरोबर हाच विषय होता. एक तरुण सहकारी म्हणाला, "सर, आता याला हाकलतीलच." मी म्हणालो, "हाकलायला संसद लागते. आणि संसदेने असे एकदा करून पाहिले आहे." त्याने विचारले, "कधी?" मी रामस्वामींचे नाव घेतले. खोलीत सात शिक्षक होते, त्यांतले दोघे इतिहास शिकवतात. एकालाही नाव माहीत नव्हते.

म्हणून हे लिहितो आहे. वाचकांपैकी काही म्हणतील, बत्तीस वर्षांपूर्वीचा एक तमिळ न्यायाधीश, त्याचे आपल्याला काय? खूप आहे. पण आधी गोष्ट नीट सांगतो.

रामस्वामी १९७१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. त्या वेळी तिथले मुख्य न्यायमूर्ती होते के. वीरास्वामी, म्हणजे रामस्वामींचे सासरे. या सासऱ्यांची कथा स्वतंत्र आहे. १९७६ मध्ये त्यांच्यावर उत्पन्नापेक्षा जास्त मालमत्ता जमवल्याचा गुन्हा नोंदला गेला आणि त्यांना पद सोडावे लागले. न्यायाधीश हा लोकसेवक आहे की नाही, त्याच्यावर लाचलुचपतीचा खटला चालतो की नाही, हा वाद ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत घेऊन गेले. १९९१ मध्ये निकाल लागला की खटला चालतो, पण गुन्हा नोंदवण्याआधी देशाच्या सरन्यायाधीशांचा सल्ला घ्यावा लागेल. एवढे होऊनही वीरास्वामींना शिक्षा कधीच झाली नाही.

जावई मात्र वर चढत राहिले. नोव्हेंबर १९८७ मध्ये ते पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती झाले आणि ६ ऑक्टोबर १९८९ ला सर्वोच्च न्यायालयात आले. ही तारीख लक्षात ठेवा. त्याच दिवशी आणखी काही न्यायमूर्ती तिथे रुजू झाले. त्यांत होत्या फातिमा बीवी, देशाच्या सर्वोच्च न्यायालयातल्या पहिल्या महिला न्यायमूर्ती. आमच्या मुलींना आम्ही त्यांचे नाव सामान्यज्ञानाच्या प्रश्नांत पाठ करायला लावतो. आणि त्याच दिवशी रुजू झाले आपल्या महाराष्ट्राचे पी. बी. सावंत. एकाच दिवशी, एकाच इमारतीत तिघे. त्यांपैकी एकाला दुसऱ्याची चौकशी करावी लागणार होती.

चंदीगडमधली सुमारे दोन वर्षे रामस्वामींना महाग पडली. आरोप काय होते? खून नाही, निकाल विकल्याचा आरोपही नाही. सतरंज्या, फर्निचर, टेलिफोन आणि चांदीचे दंड. मुख्य न्यायमूर्तींचा बंगला आणि न्यायालय यांच्यासाठी सुमारे ५० लाखांचे गालिचे आणि फर्निचर ठरावीक दुकानदारांकडून चढ्या भावाने घेतले. जाहीर निविदा काढल्या नाहीत, कोटेशन मागवली तीही बनावट. मंजुरीची मर्यादा ओलांडू नये म्हणून मोठ्या खरेदीची छोटी छोटी बिले केली. घरच्या फोनवरून झालेल्या खासगी बोलण्याचे नऊ लाखांहून जास्त रुपयांचे बिल न्यायालयाच्या तिजोरीतून भरले. न्यायमूर्तींच्या पुढे चोपदाराने धरायचे चांदीचे दंड विकत घेतले, ते सहकारी न्यायाधीशांना नको असताना.

शाळेत काम करणाऱ्या कुणालाही यातले एकेक वाक्य समजते. आम्ही शाळेच्या अनुदानातून एक लोखंडी कपाट घ्यायचे म्हटले तरी तीन कोटेशन लागतात. तीन कोटेशन कशी 'तयार' होतात हेही आम्हाला ठाऊक असते. एकाच दुकानदाराच्या तीन पावती पुस्तकांतून ती येतात आणि तिन्हींवरचे अक्षर एकाच माणसाचे असते. वीस हजारांचे काम नऊ-नऊ हजारांच्या तुकड्यांत का दाखवतात, हे शिपायालाही सांगता येते. पकडला गेला तर मुख्याध्यापक दुसऱ्या दिवशी निलंबित असतो. त्याला संसद लागत नाही, गटशिक्षणाधिकाऱ्याचे एक पत्र पुरते. म्हणून रामस्वामींची फाईल मला कधी परकी वाटली नाही. आपल्याच तालुक्यातली वाटली, फक्त आकडे मोठे.

१९९० मध्ये हे सगळे बाहेर आले. सरन्यायाधीश सब्यसाची मुखर्जी यांनी जुलैमध्ये रामस्वामींना न्यायासनावर बसू नका असे कळवले. ते रजेवर गेले. वकिलांनी आवाज उठवला होता. फेब्रुवारी १९९१ मध्ये लोकसभेत त्यांना हटवण्याच्या प्रस्तावाची नोटीस दिली गेली. तिच्यावर १०८ खासदारांच्या सह्या होत्या आणि त्यांचे म्होरके होते मधु दंडवते, आमच्या राजापूरचे खासदार. अध्यक्ष रबी राय यांनी १२ मार्चला प्रस्ताव दाखल करून घेतला आणि चौकशी समिती नेमली. तिच्यात सर्वोच्च न्यायालयाचे पी. बी. सावंत, मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती पी. डी. देसाई आणि निवृत्त न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी होते. दुसऱ्याच दिवशी लोकसभा विसर्जित झाली. मग निवडणूक आली, आणि त्या निवडणुकीत आम्ही कोकणवाल्यांनी दंडवत्यांना घरी बसवले. (त्यावर एक स्वतंत्र लेख लिहायला हवा. माझे वडील मरेपर्यंत त्याबद्दल हळहळत.)

लोकसभाच उरली नाही तर प्रस्ताव उरतो का? सरकारचे म्हणणे होते, उरत नाही. वकिलांची एक समिती सर्वोच्च न्यायालयात गेली आणि न्यायालयाने ऑक्टोबर १९९१ मध्ये सांगितले की उरतो. चौकशी सुरू झाली. रामस्वामी समितीपुढे आपली बाजू मांडायला आले नाहीत. १९९२ च्या जुलैमध्ये समितीने अहवाल दिला. १४ आरोपांपैकी ११ सिद्ध झाले होते.

एकाच दिवशी शपथ घेतलेल्या सहकाऱ्याविरुद्ध असा अहवाल लिहिणे सोपे नसणार. सावंतांनी तो लिहिला. याच सावंतांना आपण पुढे ओळखू लागलो ते २००२ मध्ये. गुजरातच्या दंगलीनंतर न्यायमूर्ती कृष्ण अय्यर आणि होस्बेट सुरेश यांच्यासोबत ते तिथे गेले, लोकांचे जबाब घेतले. तेव्हा आपल्या वस्त्यांत त्यांचे नाव आदराने घेतले जायचे. मग एक-दोन वर्षांत महाराष्ट्रातल्या चार मंत्र्यांची चौकशी करायला त्यांचाच आयोग नेमला गेला. त्या चारांत एक मुस्लिम मंत्री होते. लगेच आमच्या गावच्या चहाच्या टपरीवर सूर बदलला, "सावंत पण शेवटी त्यांचेच." मी स्वतः ऐकले आहे. आयोगाकडे तक्रार घेऊन गेलेल्या अण्णा हजारे यांच्या संस्थेच्या खर्चावरही त्याच अहवालात ताशेरे होते, हे सांगायला गेलो तर कुणाला ऐकायचे नव्हते. माणूस तोच, तराजूही तोच. फरक पडला होता तो पारड्यात कोण बसले आहे यात.

आता ११ मे १९९३. अध्यक्षांच्या आसनावर लातूरचे शिवराज पाटील. प्रस्ताव सोमनाथ चटर्जींनी मांडलेला. रामस्वामींच्या बाजूने वकील म्हणून सभागृहात उभे राहिले कपिल सिब्बल. हो, तेच. ते तासन्‌तास बोलले आणि फार चांगले बोलले असे म्हणतात. शिवाय बाहेर आणखी एक सूर लावला गेला होता, की उत्तरेकडचे लोक दक्षिणेच्या माणसाला छळत आहेत. चांदीचे दंड, खासगी फोन आणि तुकडे केलेली बिले यांत उत्तर-दक्षिण कुठून आले, हे विचारायचे नसते. आपला माणूस अडचणीत आला की तो प्रांत होतो, भाषा होतो, जात होतो. आपल्याकडे तो कौम होतो.

मतदान झाले. रामस्वामींना हटवा म्हणणारे १९६. हटवू नका म्हणणारे शून्य. सत्ताधारी काँग्रेस आणि मित्रपक्षांचे २०५ जण मत न देता बसून राहिले.

मी वर्गात मराठी शिकवतो. तटस्थ हा शब्द आला की फोड करून सांगतो, तटावर उभा असलेला, म्हणजे पाण्यात न उतरलेला. उर्दूत ग़ैर-जानिबदार म्हणतात, कोणत्याच बाजूचा नाही तो. दोन्ही शब्द दिसायला स्वच्छ आहेत. पण त्या दिवशीचे गणित पाहा. संविधानाच्या कलम १२४ प्रमाणे न्यायमूर्तीला हटवायला दोन अटी लागतात. हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश बाजूने हवेत, आणि सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून जास्त बाजूने हवेत. पहिली अट तर शंभर टक्के पुरी झाली, कारण ज्यांनी मत दिले ते सगळेच बाजूने होते. दुसरीसाठी २७० च्या वर मते हवी होती. एकूण संख्येवर हिशोब असतो तेव्हा गप्प बसलेला माणूस तटावर नसतोच. तो विरोधात मोजला जातो. हे त्या २०५ जणांना माहीत होते. त्यांना रामस्वामींना वाचवायचे होते आणि वाचवल्याचा डाग अंगावर घ्यायचा नव्हता. 'नाही' म्हणायलाही थोडे धैर्य लागते. 'नाही' म्हटले असते तर इतिहासात नाव आले असते, नातवंडांनी विचारले असते, "तुम्ही का नाही म्हणालात?" आता त्यांना कोण विचारणार?

मला रामस्वामींचा राग कमी आणि या २०५ जणांचा जास्त येतो. एक माणूस लोभी निघाला, हे कुठेही घडते. देशाच्या सगळ्यात मोठ्या सभागृहात एकालाही तो निर्दोष आहे असे म्हणता येईना आणि तरी तो सुटला, हे मला जास्त भयंकर वाटते.

लोक याला रामस्वामींचे पतन म्हणतात. कसले पतन? हो, बदनामी झाली, न्यायालयात मान गेली. पण कागदावर पाहाल तर सर्वोच्च न्यायालयाच्या यादीत त्यांच्या कारकिर्दीची शेवटची तारीख १४ फेब्रुवारी १९९४ अशी आहे, म्हणजे ६५ वर्षे पूर्ण झाल्याची. ते चक्क वय झाल्यावर निवृत्त झालेले न्यायमूर्ती आहेत. १९९९ मध्ये अण्णाद्रमुकने त्यांना शिवकाशीतून लोकसभेचे तिकीट दिले. ते पडले. ज्या सभागृहाने काढले नाही, त्याच सभागृहात ते सदस्य म्हणून बसायला निघाले होते! त्यांना थांबवले ते शिवकाशीच्या मतदारांनी, कायद्याने किंवा खासदारांनी नाही. त्यानंतरही कुणाला संसदेने हटवले नाही. २०११ मध्ये कोलकात्याचे सौमित्र सेन यांच्याविरुद्ध राज्यसभेने प्रस्ताव मंजूर केला, तेव्हा लोकसभेत तो येण्याआधी त्यांनी राजीनामा दिला. हे लिहीपर्यंत स्वतंत्र भारतात उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयाचा एकही न्यायमूर्ती संसदेने घरी पाठवलेला नाही.

मग लोक म्हणतात, व्यवस्थाच अशी आहे, सामान्य माणूस काय करणार. याला उत्तर मुंबईत आहे. १९९५. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती ए. एम. भट्टाचार्य. त्यांचे एक इंग्रजी पुस्तक होते, मुस्लिम कायदा आणि संविधान या विषयावरचे. (आपल्या कायद्यावर पुस्तक लिहिणारे असे कितीतरी विद्वान असतात, आपण वाचत नाही तो भाग वेगळा.) त्या पुस्तकासाठी लंडनच्या एका प्रकाशकाने त्यांना ८० हजार डॉलर मानधन देऊ केले आणि त्यांनी ते घेतले, अशी माहिती वकिलांपर्यंत गेली. कायद्याच्या पुस्तकाला एवढा पैसा? वकिलांना शंका आली की हा पैसा पुस्तकाचा नसावा. बॉम्बे बार असोसिएशनचे अध्यक्ष तेव्हा इक्बाल छागला होते, न्यायमूर्ती एम. सी. छागला यांचे चिरंजीव. ज्या न्यायमूर्तींपुढे उद्या आपल्याच अशिलाची बाजू मांडायची आहे, त्यांच्याविरुद्ध ठराव आणणे म्हणजे स्वतःच्या पोटावर पाय देणे. तरी वकिलांनी सह्या केल्या. एप्रिल लागताच भट्टाचार्य यांनी पद सोडले होते. आरोप कधी न्यायालयात सिद्ध झाले नाहीत, हे न्यायाने सांगायलाच हवे. नंतर सर्वोच्च न्यायालयाने वकिलांनाही कानपिचक्या दिल्या, की असे ठराव करू नका, तक्रार सरन्यायाधीशांकडे न्या. न्यायमूर्तींनी न्यायमूर्तींची अंतर्गत चौकशी करण्याची पद्धत तिथूनच आली. पद्धतीवर वाद होऊ शकतो. पण दिल्लीत जे २०५ खासदारांना जमले नाही, ते मुंबईत काळा कोट घातलेल्या काही माणसांनी करून दाखवले. त्यांच्याकडे ना बहुमत होते, ना सत्ता.

आता आपल्याकडे येतो, कारण मला माहीत आहे की इथपर्यंत वाचलेले निम्मे वाचक एका नावाची वाट पाहत आहेत. न्यायमूर्ती शेखर कुमार यादव. ८ डिसेंबर २०२४ ला अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या आवारात, विश्व हिंदू परिषदेच्या कार्यक्रमात ते जे बोलले ते सगळ्यांनी ऐकले आहे, मी पुन्हा लिहीत नाही. राज्यसभेच्या ५५ खासदारांनी त्यांना हटवण्याची नोटीस दिली. सर्वोच्च न्यायालयाच्या वरिष्ठ न्यायमूर्तींनी त्यांना बोलावून घेतले. पुढे? नोटिशीवरच्या सह्या तपासण्यातच महिने गेले. वर्मांविरुद्ध मात्र सत्ताधारी आणि विरोधक मिळून १४६ खासदारांनी लोकसभेत सह्या केल्या आणि ऑगस्ट २०२५ मध्ये अध्यक्षांनी समिती नेमलीसुद्धा. वर्मांचीही बदली अलाहाबादलाच झाली होती. म्हणजे २०२५ मध्ये एकाच उच्च न्यायालयात दोन न्यायमूर्ती होते. एकाकडे नोटा सापडल्याचा आरोप, म्हणून त्यांना न्यायदानाचे काम नाही. दुसऱ्यांनी वीस कोटी नागरिकांविषयी भर सभेत मत सांगून टाकले होते आणि त्यांचे न्यायदान सुरू होते. उद्या माझी केस त्यांच्यापुढे गेली असती तर माझे नाव वाचून त्यांना काय आठवले असते? हा प्रश्न विचारायचा मला हक्क आहे. पैसे खाल्ले तर न्यायमूर्ती बिघडला, द्वेष पोसला तर ते त्याचे वैयक्तिक मत, हा हिशोब मला मान्य नाही. रामस्वामींनी निकाल विकल्याचा आरोप कुणी केला नव्हता, तरी त्यांना न्यायासनावर बसू नका म्हटले गेले, कारण लोकांचा भरोसा उडाला होता. तो निकष इथे का नाही?

आपल्यातले सगळे हे म्हणतात. मीही म्हणतो. संसद गप्प बसली, मोठमोठी माणसे गप्प बसली, सेक्युलर म्हणवणारे गप्प बसले. गप्प बसणाऱ्यांची यादी आपल्याला तोंडपाठ असते. पण मला ती यादी वाचताना दोन वर्षांपासून अडखळायला होते, त्याचे कारण सांगतो. नाव-गाव लिहीत नाही.

आमच्या भागात समाजाची एक शिक्षण संस्था आहे. मी तिथे नोकरीला नाही, पण सभासद आहे. दोन वर्षांपूर्वीच्या वार्षिक सभेत नव्या बाकांचा आणि संगणकांचा खर्च मांडला गेला. आकडा ऐकून कुजबुज झाली. एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले एक चाचा उभे राहिले. मी बी.एड.ला होतो तेव्हा पहाटेच्या त्यांच्याच गाडीने जायचो. चाचा म्हणाले, "सदरसाहेब, कोटेशन दाखवा. तीन असतील ना?" सदरसाहेब हसले. मोठे माणूस, दोनदा हज केलेले, कुणाच्याही मय्यतीला आधी पोहोचणारे. ते म्हणाले, "ऑडिटरने हिशोब पाहिलाय. माझ्यावर भरोसा नाय काय तुमचा?" चाचा म्हणाले, "भरोसा आहे. कागद पण दाखवा."

कुणीतरी म्हणाले, मतदान घ्या. ज्यांना कागद हवेत त्यांनी हात वर करा. नऊ हात वर गेले. "कोणाला नकोत?" एकही नाही. आम्ही चाळीसेक जण होतो. सदरसाहेब सगळ्यांवरून नजर फिरवून म्हणाले, "म्हणजे बाकी सगळे माझ्यासोबत आहेत," आणि पुढचा विषय घेतला.

माझा हात गुडघ्यावर होता. माझी बायको त्याच संस्थेच्या शाळेत तासिकेवर शिकवत होती आणि तिला कायम करण्याचे बोलणे चालू होते. मी मनात म्हटले, मी कुणाच्या बाजूने नाही. शाळेची बदनामी बाहेर जायला नको, विरोधकांना आयते कोलीत मिळेल, आधीच आपल्या संस्थांकडे लोक वाकड्या नजरेने पाहतात. ही सगळी कारणे मला तेव्हा खरीही वाटली. त्या दिल्लीतल्या २०५ जणांपाशी माझ्यापेक्षा चांगली कारणे असणार.

पुढच्या समितीत चाचांचे नाव नव्हते. बायकोला कायम केले नाही, ते सांगायचे राहिले. तिने यंदा ती नोकरी सोडली.

कुणी म्हणेल, सर, तुम्ही आपल्याच लोकांची धुणी चव्हाट्यावर धुता. यादवांवर लिहिलेत ते छान, पण हे कशाला? दोन्ही एकत्र का? एकत्रच आहे म्हणून. वरच्या न्यायमूर्तीला कागद दाखवा म्हणणारा समाज खालच्या सदरसाहेबांना कागद दाखवा म्हणू शकत नसेल, तर वर कुणी ऐकेल कशाला? आणि हा प्रश्न फक्त मुसलमानांचा नाही. गावचे देवस्थान असो, पतपेढी असो, सोसायटी असो, हात गुडघ्यावर ठेवून बसलेली माणसे सगळीकडे सारखीच दिसतात. माझ्या हिंदू मित्रांनी इथे कृपया खूश होऊ नये.

गेल्या सोमवारी मी संस्थेच्या चिटणीसांच्या नावे अर्ज दिला. गेल्या तीन वर्षांतल्या खरेदीची कोटेशन आणि व्हाउचर सभासदांना पाहायला ठेवावीत, एवढीच मागणी आहे. दोन प्रती नेल्या होत्या. शिपायाने एकीवर शिक्का मारून तारीख घातली आणि परत दिली. संध्याकाळी ती चाचांना दाखवायला गेलो. आता त्यांना कमी दिसते. नातीकडून चष्मा मागवला, दोन्ही बाजू उलटून पाहिल्या आणि म्हणाले, "आवक नंबर कुठाय? नंबर नाय तर उद्या बोलतील अर्ज आलाच नाय."

उद्या शाळा सुटल्यावर पुन्हा जायचे आहे. चाचा म्हणाले, ते पण येतात.